पुलावरच्या आजोबांचं नाक

९ जाने. १९७३
हवा: कोरडी. काम: खडी फोडणे, चालू. नदी: निल.
(बांधकाम खात्यातून निवृत्त झालो तरी रोजचं लिहायची सवय सुटत नाही. सौ. म्हणते, आता तरी हवा लिहू नका, ती दारातून दिसते.)
दुष्काळी कामावर पुन्हा मुकादम म्हणून घेतलं आहे. रस्ता आमच्या चिंचोलीपासून नायगावपर्यंत. मध्ये नदी, नदीवर दगडी पूल. आमचा पूल. आज मधल्या कमानीखालचा डोहसुद्धा आटला. जन्मात पहिल्यांदा त्या कमानीखाली कोरड्या पायांनी उभा राहिलो आणि मान वर केली. कमानीच्या बरोबर माथ्यावर जो चावीचा दगड, त्यावर आजोबांचं तोंड कोरलेलं आहे. डोहामुळे आजवर जवळ कुणी गेलं नव्हतं. काठावरून दिसे ते नुसतं भाकरीएवढं काहीतरी गोल. आज खालून पाहिलं तर पाकोळ्यांची घरटी, वाळलेलं शेवाळ आणि त्यातून डोकावणारी एक मिशी. मिशी आमचीच. भरून आलं.
खडीवरचा गणपत म्हणाला, "मिस्त्री, डोळ्यात कचरा गेला काय?"
व्हय म्हणालो.

११ जाने.
पुलाची गोष्ट एकदा लिहून ठेवावी. कुसुमला सांगायला गेलं की ती जांभई देते. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आली आहे, आठवा चालू, त्यामुळे रागावताही येत नाही.
तर: गोऱ्या साहेबानं पूल काढला आणि मिस्त्री म्हणून सटवाजी पाथरवट, म्हणजे आमचे आजोबा, यांना लावलं. साहेब प्रत्येक दगड हातोडीनं वाजवून बघे. आजोबा नुसता हात फिरवून सांगत, हा घ्या, हा फेका. यावरून दोघांची रोज भांडणं. साहेब इंग्रजीत, आजोबा मराठीत, कुणाचंच कुणाला कळत नसल्यामुळे काम सुरळीत. चुना घाणीला बैल लावून मळायचा, त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी. माणसं गूळ खाऊन टाकत, म्हणून गूळ आला रे आला की आजोबा आधी त्यात मूठभर चुना टाकत.
कमान पुरी झाली. खालचा लाकडी ढाचा काढायचा दिवस. साहेब म्हणाला, ढाचा निघताना मिस्त्रीनं कमानीखाली उभं राहायचं, पडली तर आधी त्याच्यावर. आजोबा उभे राहिले. पान लावत. धूळ पडली, कमान राहिली. पानाला चुना त्यांनी सांध्यातलाच घेतला, असं वडील सांगत. हे मला जरा जास्त वाटतं, पण वडील सांगत.
साहेब खूश. म्हणाला, चावीच्या दगडावर तुझंच तोंड कोर. आजोबांनी दोराला फळी टांगली, तिच्यावर बसून, खाली डोहाच्या पाण्यात स्वतःचं तोंड बघत बघत ते कोरलं. आजोबा गेले तेव्हा मी पाळण्यात होतो. फोटो वगैरे नाही. आहे ते त्या दगडावर.

१४ जाने. संक्रांत
व्याही तिळगूळ घेऊन आले. कुसुमचे सासरे. नायगावला पिठाची गिरणी. तेही मूळचे पाथरवटच, पण टाकी-हातोडा सोडून गिरणी घातली आणि पंचक्रोशीतली दगडी जाती बंद पाडली. असो. व्याही आहेत.
चहा पिता पिता म्हणाले, "डोह आटला, लई झ्याक झालं. आता समद्यांना आमच्या आज्याचं तोंड बघाय मिळंल."
मी म्हणालो, "व्हय, व्हय."
दुसरं काय म्हणणार? मुलगी त्यांच्या घरात आहे. लग्नाच्या बैठकीत सोनं निघालं, भांडी निघाली, कुणाला टोपी कुणाला टॉवेल सगळं निघालं, पूल मात्र निघाला नाही. तो निघाला पंगतीत, जिलबी वाढताना. त्यांच्याकडेही गोष्ट तीच. साहेब तोच, घाणीचा बैल तोच, पानसुद्धा तेच. फक्त सटवाजीच्या जागी धोंडिबा. तेव्हा हातातली जिलबी मी तशीच त्यांच्या पानात वाढली आणि म्हणालो, व्हय, व्हय. तेव्हापासून म्हणतोच आहे.
सौ. म्हणते, "तुमच्या दोघांच्या आज्यांनी एकेक बाजू बांधली असंल." बाईमाणसाला कमान म्हणजे काय ते कळत नाही. दोन बाजू दोघांनी बांधल्या तरी चावी एकच बसवतो.

१९ जाने.
ओव्हरसियर जीपमधून आला. तरुण आहे, नगरचा. म्हणाला, पुलाला शंभर वर्षं झाली असं वरच्या साहेबांच्या कानावर गेलं आहे. रस्ता झाला की ते येणार, फरशी लावणार, तिच्यावर बांधणाऱ्या मिस्त्रीचं नाव.
आजोबांचं नाव, सरकारी फरशीवर!
"पण नाव एकच," तो म्हणाला. "दोन्ही गावांनी मिळून सांगा. तंटा असेल तर नुसतं 'पूल' लिहीन."
मी म्हणालो, "साहेब, पूल आहे हे लोकांना दिसतंच की."
"मग एक नाव आणा."
मागेच व्याह्यांच्या गिरणीतला नोकर मिलोचं, रेशनवरच्या अमेरिकन ज्वारीचं, पोतं घेऊन उभा होता. म्हणजे नायगावला कळलंच.

२० जाने.
सौ. ला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांचं नाव लागलं तर तुमचा जीव जळंल. तुमचं लागलं तर विहीणबाई माझ्या पोरीला उभ्या उभ्या टोमणे मारंल. सुनेच्या बापानं आमच्या आज्याचं नाव पुसलं म्हणंल. इचार करा."
विचार केला. मार्ग एकच. तोंड साफ करायचं. धोंडिबाच्या घराण्याचं नाक बाकदार, पोपटासारखं. आमचं बसकं, रुंद. लोकांनी आपल्या डोळ्यांनी बघावं, मग मला काही बोलायलाच नको. माझा आवाज नाही, दगडाचा.

२२ जाने.
काय लिहावं.
बैलगाडी कमानीखाली उभी केली, तिच्यावर शिडी. गणपतला शिडी धरायला सांगितली. वर गेलो. आधी घरटी काढली, मग शेवाळ. कपाळ निघालं. डोळे निघाले. एका डोळ्यात मला ओळख दिसली असं वाटलं. नाकावर पक्ष्यांची घाण दगडासारखी घट्ट बसली होती. हलक्या हातानं टाकी लावली. फक्त एकदा.
घाण निघाली. तिच्याबरोबर नाक निघालं.
अख्खं, मुळापासून, माझ्या तळहातात. उभा जन्म दगडात गेला आणि आजोबांच्या नाकाला जुनी चीर होती ती मला दिसली नाही.
खाली पाहिलं. मजुरांना खायला वाटायच्या सुकडीचा ट्रक आला होता, गणपत शिडी सोडून तिकडे पळत होता. कुणी बघितलं नाही. नाक कोपरीच्या खिशात टाकलं आणि खाली उतरलो.
हवा: कोरडी.

२३ जाने.
नाक मिलोच्या डब्यात लपवलं होतं. सौ. नं आज दळणाला मिलो काढला.
"धान्यात खडे निघत्यात," ती म्हणाली, "नाक आज पयल्यांदा निघालं."
सगळं सांगितलं. तिनं उजेडात धरलं, उलटं केलं, सुलटं केलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ह्ये तर व्याह्यांचं हाय."
मी रागावलो. भाकरी अर्धी टाकून उठलो. पण इथं लिहायला हरकत नाही: काल शिडीवर, नाक हातात पडताक्षणी, मलाही तसंच दिसलं होतं. बाकदार. वडील खोटं बोलले नसतील. त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलं असेल. पण मला फार वाईट वाटतंय. साठी आली आणि आज अचानक आजोबाच नाहीत असं झालं आहे.

२४ जाने.
टाक्या धार लावून ठेवल्या. एक बारीक टाकी आहे, देवाच्या मूर्तीच्या ओठांसाठी वापरतो ती. तिचे चार हलके घाव. बाक गेला, नाक बसलं, चुन्यात गूळ घालून जागेवर लावलं, की आमचं.
पाट्यावर नाक ठेवून बसलो.
कुसुम आली, पोट सावरत खाली बसली. "दादा, ह्ये काय तुमचं नाक करताय?"
"माझं?"
"मग काय. अगदी तुमचंच की. मामंजींचं असं न्हाई." मग म्हणाली, "काय बी करा. पन बाळंत झाले की सव्वा महिन्यानं मला त्या घरी परत जायचंय, येवढं ध्यानात ठेवा."
लेकीची माया. तिला बापाचंच नाक दिसणार. पण टाकी लावायचं काही हातून झालं नाही.

२७ जाने.
हे कुणाला सांगितलं तर हसतील. मला हसू येत नाही.
दुपारी व्याही न कळवता आले. सौ. नं नाक ताकाच्या गाडग्याच्या झाकणावर दाब म्हणून ठेवलं होतं. (मी विचारलं तेव्हा म्हणते, "वजन बरूबर हुतं.") व्याही ओट्यावर गाडग्याशेजारीच टेकले. चंची सोडली, सुपारी काढली, अडकित्ता घरी राहिला म्हणाले. हात लांब केला, झाकणावरचं नाक उचललं आणि सुपारी ठेवून फोडली.
टक्.
मी डोळे मिटले.
"काय दगड हाय!" व्याही म्हणाले. नाक बोटांत फिरवून फिरवून बघत होते. "काळाभोर. हातात बी कसा बसतो. मिस्त्री, ह्यो मी नेऊ का?"
सौ. माझ्याकडे बघते, मी सौ. कडे. व्याह्यांनी तोंडानं मागितलेली वस्तू कुणी नाही म्हटली आहे का कधी? मागच्या वर्षी त्यांनी आमची दुभती शेळी छान आहे म्हटलं, आणि संध्याकाळी ती नायगावात होती.
"न्या की," मी म्हणालो. "तुमचंच हाय."
हे वाक्य तोंडातून गेल्यावर मला त्याचा अर्थ कळला. त्यांनी नाक चंचीत टाकलं, नाडी ओढली आणि चहा मागितला.

२८ जाने.
काम: चालू. जेवण नाही.

३ फेब्रु.
सौ. ला नायगावला पाठवलं, नवा पितळी अडकित्ता घेऊन. बेत असा की अडकित्ता आला की दगड कोपऱ्यात पडेल, आणि ती येताना हळूच उचलून आणेल.
व्याह्यांनी अडकित्ता ठेवून घेतला. म्हणाले, कात कातरायला बरा आहे. सुपारीला मात्र दगडच.

९ फेब्रु.
व्याही डोहात उतरून वर बघून आले. त्यांचा आवाज खडीवर ऐकू आला. "नाक! आमच्या आज्याचं नाक कुनी नेलं?"
सगळ्यांनी हातोडे थांबवले. एक म्हणाला खाणीत सुरुंग लावतात त्यानं पडलं असेल. एक म्हणाला माकडांनी. गणपत माझ्याकडे बघत होता, पण त्या दिवशी तो सुकडीला पळाला होता हे मला माहीत आहे, हे त्याला माहीत आहे. तो पुन्हा खडी फोडायला लागला.
चंची व्याह्यांच्या कमरेला लटकत होती. हात लावला असता तर लागला असता.
ते माझ्याजवळ आले. "मिस्त्री, तुमच्यासारखा हात दुसऱ्या कुनाचा न्हाई. नवं नाक घडवा. समारंभाच्या आत बसवा."
"कसं घडवू?"
"माझ्यावरनं घ्या की माप. त्याच घरान्याचं हाय." आणि मान वळवून कडेनं दाखवलं.

१४ फेब्रु.
काम: नाक.
व्याही रोज गिरणी बंद झाली की येतात आणि पुलाच्या कठड्यावर कडेनं बसतात. मी समोर पोत्यावर. माणसं जाता-येता बघतात. एकानं विचारलं, पुतळा बसवणार काय? व्याही मान न हलवता म्हणाले, "फक्त नाक."
बसल्या बसल्या त्यांचा धोंडिबा पुन्हा ऐकावा लागतो. साहेबानं धोंडिबाला सांगितलं, ढाचा निघताना खाली उभा राहा. धोंडिबा उभा राहिला. पान लावत. मी मध्येच म्हणालो, "आन् चुना सांध्यातला घेतला."
ते एकदम वळले. "तुमास्नी कसं ठावं?"
"लोक सांगत्यात."
"मान हलली," मीच पुढं म्हणालो. "पुन्हा कडेनं बसा."
आणि सगळा वेळ, दर थोड्या वेळानं, चंची सोडून, सुपारी कठड्यावर ठेवून, खऱ्या नाकानं टक्. मी खोटं घडवतोय, खरं शेजारी सुपाऱ्या फोडतंय.

२० फेब्रु.
एक लिहिलंच पाहिजे. मला याचा त्रास होतो तसा आनंदही होतो. खरं नाक त्यांचं होतं. त्यांचंच घडवतोय. म्हणजे निदान लबाडी नाही. काम मनासारखं उतरलं. मूर्तीच्या ओठांची टाकी लावली. व्याही बघून म्हणाले, "मिस्त्री, असलं काम आजकाल न्हाई हुत." कुणी म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांनी म्हटलं तर आणखीच बरं वाटलं. माझा मलाच राग आला.
खऱ्या नाकाचं टोक सुपाऱ्या फोडून फोडून उडालं आहे, हे आज पाहिलं. बाक जवळजवळ गेला. आता ते चुकून आमचं वाटेल असं झालंय.

२ मार्च
कुसुम मोकळी झाली. मुलगी. दोघी सुखरूप.
हवा: चांगली.

५ मार्च
व्याही आणि विहीणबाई आले. विहीणबाई कुसुमशी गोड बोलल्या, डिंकाचे लाडू आणले. सौ. नं माझ्याकडे बघून डोळे मोठे केले, म्हणजे बघा, हे टिकवा.
व्याही आणि मी दोघे वाकून बाळाकडे बघत होतो. दोघेही एकच बघत होतो. तिथं अजून काहीच नाही. दोन बारीक भोकं आणि वर लोण्याचा ठिपका.

१३ मार्च. बारसं
आधी वरवंटा. आपल्यात पाळण्यात बाळाआधी वरवंटा घालतात, कुंची घालून, पोर दगडासारखं टणक व्हावं म्हणून. बायका पाळण्याखालून वरवंटा देत-घेत होत्या, तेवढ्यात व्याही बायकांत घुसले. चंची सोडली आणि नाक काढून पाळण्यात वरवंट्याशेजारी ठेवलं. "ह्यो बी ऱ्हाऊ दे. सव्वा महिना हलवू नका."
विहीणबाई म्हणाल्या, सुपारीचा दगड काय पाळण्यात? ते म्हणाले, राहू दे म्हटलं ना.
मुलीचं नाव इंदू ठेवलं.
जेवणं झाल्यावर व्याही मला बाजूला, गोठ्यामागं घेऊन गेले. बराच वेळ तंबाखूच मळत राहिले.
"मिस्त्री, राग धरू नका. त्या दिशी तुमच्या ओट्यावर टेकलो आन् गाडग्यावर ते नाक दिसलं. बघताक्षनीच कळलं, पुलावरचं हाय."
मी गोठ्याच्या कुडाला टेकलो.
"हुबेहूब तुमचं. बसकं, रुंद. म्हनलं, झालं, आमचा धोंडिबा गेला. म्हनून उचललं. सुपारी फोडाय लागलो, म्हनलं टोक उडालं की कुनाचं ते वळखाय यायचं न्हाई. आन् नवं माझ्यावरनं करून घेतलं." त्यांनी डोळे पुसले. तंबाखूचा हात, त्यामुळे डोळे आणखीनच भरले. "पोरीला पाळण्यात बघितली आन् लाज वाटली. पूल तुमच्या आज्यानं बांधला, मिस्त्री. ओव्हरसियर आला की मीच सांगतो, सटवाजीचं नाव घाला."
मी तेव्हाच सांगायला हवं होतं की मला ते तुमचं दिसलं होतं. सौ. लाही तुमचंच. तोंड उघडलं, तेवढ्यात सौ. नं विड्यासाठी हाक मारली.

१४ मार्च
सांगितलं नाही.

१५ मार्च
कुसुमला विचारलं, खरं सांग, कुणाचं वाटलं होतं. ती इंदूला पाजत होती. म्हणाली, "मला तर ते नाकासारखं बी वाटत नव्हतं. तुमी रडकुंडीला आला व्हता, म्हनून बोल्ले."
डोहात जाऊन वर बघितलं. कपाळ, डोळे, मिशी, मध्ये सपाट. आजोबांनी हलत्या पाण्यात बघून कोरलं होतं. आजोबांनी, किंवा धोंडिबानं. नवं नाक घरी फडताळात फडक्यात बांधून आहे. जुनं पाळण्यात. कुठलं बसवायचं आणि कुणाच्या नावाखाली, हे आज कुणालाही सांगता येणार नाही. सगळ्यात कमी मला.

१६ मार्च
हवा: कोरडी. काम: चालू.
नाव न्यायला आलेली ओव्हरसियरची जीप वळणावर दिसतेय. नायगावच्या बाजूनं व्याही पुलावरून येताहेत, छत्री उघडून, धुतलेली टोपी घालून. ते सटवाजीचं नाव सांगणार. सौ. म्हणते, "तुमी बी खरं काय ते सांगून टाका, काय व्हायचं ते व्हवू दे." सांगणार आहे. धोंडिबाचंही नाव सांगणार आहे, माझ्या डोळ्यांना काय दिसलं तेही.
पण आधी त्यांना बोलू दे. एकदा, चारचौघांत, ओव्हरसियरसमोर, व्याह्यांच्या तोंडून आजोबांचं नाव ऐकतो. तेवढं झालं की मग मी बोलतो.